पाण्याचा रकाना

ईरा आणि निशांत, तुम्ही दोघांनी मिळून पाठवलेली प्रश्नांची यादी मी समोरच्या दुकानातून छापून आणली आहे आणि ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर चष्म्याच्या डबीखाली दाबून ठेवली आहे. विमानतळावरून घरी कसं यायचं, रिक्षा शेअरची घ्यायची की वेगळी, उरणला समुद्र बघायला कधी जावं, रस्त्यावरचं काय खावं आणि काय खाऊ नये. चौदा प्रश्न. त्यातल्या तेरांची उत्तरं मी क्रमाने वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. रिक्षा शेअरचीच घ्या, पुढे ड्रायव्हरशेजारी मात्र बसू नका. एसटी स्टँडवर पाटी वाचून गाडीत चढू नका, कंडक्टरला विचारा, आणि कंडक्टर दिसला नाही तर टोपली घेऊन बसलेल्या एखाद्या बाईला विचारा, ती चुकणार नाही. थंडीत येताय म्हणजे वालाच्या शेंगांची पोपटी मिळेल, ती भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भाजतात, तो पाला खायचा नसतो. चौदावा प्रश्न निशांतचा आहे. 'आजी, या सगळ्याला काही एक नियम आहे का?' याचं उत्तर त्या कागदावर मावेना, म्हणून हे लिहायला बसले. नियम आहे. तो मी एकविसाव्या वर्षी पाठ केला होता, वहीत उतरवला होता, आणि त्याच नियमाने मला एका सकाळी गुडघाभर चिखलात उभं केलं.

तेव्हाचं आमचं घर पनवेलच्या बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी आणि शेजाऱ्यांशी सामाईक विहीर. घड्याळ एकच होतं आणि ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मालकीचं असल्यासारखं होतं. चावी तेच द्यायचे. बाकीच्यांना वेळ कळायची ती कानाने. भाताच्या गिरणीची धुगधुग सुरू झाली की साडेआठ. उरणची गाडी वळणावर भोंगा वाजवायची तेव्हा नऊ. आणि ओटीखालून "वहिनी, घेनार का?" अशी हाक आली की कोळीण आली, म्हणजे आईने चुलीशी आमसुलं भिजत घालायची वेळ झाली. त्या हाकेला मात्र ठरलेली वेळ नव्हती. एके दिवशी ती सकाळी आठला यायची, चार दिवसांनी अकराला, मग मध्येच दुपारी. मला याचा फार राग यायचा. मी तेव्हा नुकतीच मुंबईला मामांकडे राहून, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. होऊन परत आले होते. माझ्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं होती, कव्हरांवर नंबर होते, आणि जगात सगळ्या गोष्टी आपापल्या नंबरावर असाव्यात असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. तुमची आई तुम्हाला सांगेलच.

ही कोळीण म्हणजे हिराबाई. खाडीपलीकडच्या गावातून ती तरीने, म्हणजे माणसं उतरवणाऱ्या होडीने, अलीकडे यायची आणि मग गाडी धरून पनवेलला. खाडीतली कोळंबी, चिंबोऱ्या, आणि कधी कधी निवट्या, चिखलातली छोटी मासळी, ज्या टोपलीतही उड्या मारायच्या आणि ज्यांना मी हात लावायची नाही. ओटीच्या दुसऱ्या पायरीवर तिची जागा ठरलेली होती. आई तिच्यासमोर पाट घेऊन बसायची आणि दोघींचं सौदा सोडून इतर सगळ्यावर बोलणं व्हायचं. हिराबाई अंगाने बारीक, पण पोटऱ्या अशा की जणू लाकडाच्या घडवलेल्या. त्या पोटऱ्या कशाने घडल्या हे मला नंतर कळलं.

त्या हिवाळ्यात मला एक पत्र आलं. हिराबाईच्याच गावात एक शाळा होती, तिथे इंग्रजीला शिक्षक हवा होता. आधीचे मास्तर वर्षाच्या मध्येच सोडून गेले होते. गुरुवारी सकाळी दहाला भेटायला या, असं हेडमास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. नोकरी लागली तर सोमवार ते शनिवार तिथेच राहायचं, शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी परत जायचं. अण्णा तहसील कचेरीत कारकून होते आणि घरात कुणावरही आवाज चढवत नसत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "कुमुद, आठवड्यातून दोनदा खाडी ओलांडायची आहे. मी येणार नाही आणि दुसरं कुणी येणार नाही. तेव्हा गुरुवारी एकटीने जा आणि एकटीने ये, दिवेलागणीच्या आत. सोबत मागायची नाही. जमलं तर नोकरी कर, मी आडवा येणार नाही. नाही जमलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

आई आतून म्हणाली, "अहो, निदान पहिल्या वेळी तरी..."

"पहिल्या वेळीच," अण्णा म्हणाले.

तुम्हाला हे कठोर वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही. मला ते परीक्षेसारखं वाटलं आणि परीक्षा मला आवडायच्या. अण्णांनी 'नाही' म्हटलं असतं तर मला भांडावं लागलं असतं, आणि भांडण मला जमत नसे. अट घातली म्हणजे दार उघडं होतं. ते दार मिटलं तर पुढे काय होतं तेही मला ठाऊक होतं. पेणच्या एका स्थळाकडून दोनदा निरोप येऊन गेला होता. माणसं चांगली होती. पण त्या घरात गेल्यावर माझी तपकिरी कव्हरं कपाटाच्या वरच्या फळीवर जाणार आणि तिथून खाली येणार नाहीत, हे मला दिसत होतं.

मी तयारीला लागले. एक कोरी वही घेतली, वर 'पनवेलहून बाहेर' असं लिहिलं आणि पट्टीने रकाने आखले. स्टँडवर जाऊन सकाळच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा टिपल्या. पहिली गाडी सहाची, फाट्यावर पावणेसातला उतरायचं, तिथून मिठागरांच्या बांधावरून धक्का वीस मिनिटांवर. आता राहिली खाडी. तर, म्हणजे ती होडी, पाण्यावर चालते आणि पाणी भरतीला येतं, इतकं कुणीही सांगेल. भरती कधी हे काढायचा नियम मला उरणच्या मावशीच्या यजमानांनी शिकवला. त्यांचं सगळं आयुष्य बंदरावर गेलेलं. ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. तितके वाजता भरती पूर्ण. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोज. आणि तुमच्या त्या खाडीच्या पोटात पाणी शिरायला अर्धा तास जास्त धर." मला हा नियम इतका आवडला की त्या रात्री मी संपूर्ण महिन्याच्या भरत्या मांडून काढल्या. रोज पाऊण तास पुढे. म्हणजे हिराबाईच्या येण्यालाही नियम होता! ती बेशिस्त नव्हती, ती पाण्याच्या घड्याळाने चालत होती आणि मी अण्णांच्या. गुरुवारी नवमी होती. नवाची पाऊणपट पावणेसात, अधिक अर्धा तास, सव्वासात. मी धक्क्यावर पोचणार सात वाजून पाच मिनिटांनी. याहून नेटकं काही असू शकतं यावर माझा विश्वास बसेना.

मंगळवारी हिराबाई आली तेव्हा मी वही घेऊनच ओटीवर गेले. "हिराबाई, येत्या नवमीला तुमच्या खाडीला भरती सव्वासातला ना?"

तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "टाइम बरोबर हाय गो. पन बाय, त्या दिवशी काय व्हतं..."

"बरोबर आहे ना? झालं तर मग," मी म्हटलं आणि वही मिटली.

हिराबाईने आईकडे बघितलं. "वहिनी, हिला यवरी कोनी शिकवली? आमचं आयकाया टाइम नाय हिला."

"आमचं तरी कुठे ऐकते," आई म्हणाली. "मुंबईचं पाणी लागलंय."

दोघी हसल्या. मीही हसले. आज लिहिताना तो क्षण मला लख्ख दिसतो. ती फडकं बाजूला करतेय, तोंड उघडतेय, आणि मी वही मिटतेय. वही मिटण्याचा आवाज मला तेव्हा फार आवडायचा.

गुरुवारी आईने मला पांढरी, हिरव्या काठांची सुती साडी नेसवली. तिला तिने आदल्या दिवशी भाताच्या पेजेची खळ देऊन तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. साडी इतकी कडक की बसताना आवाज करायची. पिशवीत प्रमाणपत्रं, वही, आणि डब्यात दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि कांद्यावर परतलेला सुका जवळा. अण्णांनी आपलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. पट्टा मोठा होता, त्याला त्यांनी दाभणाने नवं भोक पाडून ठेवलं होतं. गाडी वेळेवर सुटली, फाटा वेळेवर आला. मिठागरांवर नुकतं उजाडत होतं, बांधावर दोन्ही बाजूंना मिठाचे छोटे ढीग होते आणि मी इतक्या आनंदात चालत होते की मोठ्याने कविता म्हणत होते, इंग्रजीतल्या. सात वाजून पाच मिनिटांनी मी धक्क्यावर उभी होते.

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब. धक्क्याच्या शेवटच्या पायरीपासून पुढे साठ-सत्तर पावलं नुसता करडा, चकाकता चिखल होता. त्यापलीकडे पाण्याचा पट्टा आणि त्यात तर उभी. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, चिखलावर निवट्यांच्या उड्या. आणि त्या चिखलातून, डोक्यावर टोपल्या घेऊन, सात-आठ कोळणी माझ्या दिशेने येत होत्या, रस्त्याने चालावं तशा, गप्पा मारत. पहिलीच हिराबाई होती.

"आली का गो तुजी भरती?" ती लांबूनच ओरडली आणि बाकीच्या खिदळल्या.

मी घड्याळ पाहिलं. "हिराबाई, सव्वासातची भरती. दहा मिनिटं आहेत अजून."

ती धक्क्यावर चढली, टोपली खाली ठेवली. "हीच ती भरती. आज यवरीच यायची. भांग हाय ना." मग माझं तोंड बघून तिने नीट सांगितलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण असतं, तेव्हा पाणी चढतं ते धक्का बुडेस्तोवर आणि उतरतं ते तळ दिसेस्तोवर. अष्टमी-नवमी आली की त्याचा जोर मोडतो. धड चढत नाही, धड उतरत नाही. त्याला भांग म्हणतात. "भांगाला भरती येते तिच्या टायमाला. पन धक्क्याला नाय लागत. तर दिवसभर चालू ऱ्हाते, पन ती तितनंच. आज बी, उद्या बी."

"मग मंगळवारी सांगितलं का नाही?"

"सांगत व्हते. तू वही मिटली."

मी पायरीवर उभी राहून हिशोब केला. परतीची गाडी अकराला. ती धरली तर दुपारी घरी. अण्णा संध्याकाळी येतील, मला बघतील आणि काहीही बोलणार नाहीत. विषय पुन्हा निघणार नाही. मी सांगू शकले असते की पाणीच नव्हतं, आणि ते खरंही होतं. पण ज्या आठ बायका आत्ता माझ्या शेजारी पाय धूत होत्या त्यांच्यासाठीही पाणी नव्हतं आणि त्या आल्या होत्या.

"मला जायचंय," मी म्हटलं. "कसं जायचं ते सांगा."

हिराबाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आदी ही साडी. हिला काय पीठ लावलंय का गो? हात वर कर." आणि तिथेच, धक्क्यावर, तिने माझी साडी गुडघ्याच्या वर ओढून, मधल्या निऱ्या मागे घेऊन, तिच्यासारखी घट्ट खोचून दिली. खळ कडाकडा मोडली. दुसरी एक म्हणाली, "आता दिसते बाय मानसासारखी." माझे पाय इतक्या उघड्यावर मी स्वतःही कधी पाहिले नव्हते. तरीवर चार पुरुष बसलेले होते आणि ते इकडेच बघत होते.

"चपला पिशवीत. पिशवी गल्यात. दोनी हात मोकले ठेव. तिवराच्या कडंकडंनं जा, तितं झाडाच्या मुल्या हायत, रुतत नाय. पन कालवं असतात, पाय कापेल, बघून. आख्खा पाय टाकायचा, आनि काडताना टाच आदी काडायची. आनि उभी ऱ्हायची नाय. काय बी झालं तरी उभी ऱ्हायची नाय. चल, मी येते तरीपरेंत."

"नाही," मी म्हटलं. "सोबत मागायची नाही असं ठरलंय."

"तुजा बाप काय चिकलात बघाया येतोय?"

"नाही. पण मला माहीत असेल ना."

ती तोंड वाकडं करून म्हणाली, "बापाचीच हायस," आणि बाजूला झाली.

पहिलं पाऊल थंडगार गेलं, घोट्याच्या वर. दुसरं पोटरीपर्यंत. टाच आधी, टाच आधी, असं मी तोंडाने म्हणत होते. वास जोरात होता, पण वाईट नव्हता. पंधरावीस पावलं बरी गेली. निवट्या माझ्यापुढून पळत होत्या आणि मला त्यांची भीती वाटायची थांबली. आणि मग, मध्यावर, मी जे केलं ते फक्त मीच करू शकले असते. मी उभी राहिले आणि घड्याळ बघितलं. सात वाजून चोवीस मिनिटं झाली होती. ती संख्या मला अजून आठवते, कारण तेवढ्यात दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत गेले होते.

धक्क्यावरून आठही जणी एकदम ओरडल्या, "उभी ऱ्हाऊ नको!" तरीतून पुरुष ओरडले. मी उजवा पाय ओढला, तो निघेना. डावा ओढला, उजवा आणखी आत गेला. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. मग कानात हिराबाईचाच आवाज आला, की खरोखरच ती ओरडत होती, "टाच!" मी पाय वर ओढायचं सोडलं, टाच मागे फिरवली, चिखलाने मोठा आवाज केला आणि पाय सोडला. पुढचं पाऊल तिवराच्या मुळांवर पडलं. कालवाचं शिंपलं तळव्यात घुसलं, तरी थांबले नाही. पुढच्या तीस पावलांत मी एकदाही थांबले नाही, आणि घड्याळाकडे तर मुळीच बघितलं नाही.

तरीवाल्याचं नाव गोमा होतं, वयाने अण्णांएवढा. त्याने हात देऊन मला वर ओढलं नाही, फळी धरून दिली. मी बसल्यावर म्हणाला, "नवी बाई काय शालेची?"

"अजून नाही."

"दोन मास्तर आले व्हते या वर्षाला. धक्क्यावरनंच परत फिरले." त्याने वल्हं मारलं. "बूट व्हते त्यांच्या पायात."

शाळेच्या विहिरीवर मी पाय धुतले. साडी सोडून नीट नेसायचा प्रयत्न केला, पण खालचा हातभर भाग चिखलाने माखलेला होता, तेव्हा पुन्हा हिराबाईसारखीच खोचून टाकली. हेडमास्तर घाटावरचे होते, टोपी घालणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे बघू लागले. त्यांच्याशेजारी खुर्चीत नाना बसले होते. हे गावचे मिठागरवाले, शाळा त्यांनीच जागा देऊन उभी केली होती, आणि शेवटचा शब्द त्यांचा असे. हेडमास्तर इंग्रजीतून म्हणाले, आजच्या प्रवासाचं वर्णन करा. मी केलं. चिखल, तिवर, निवट्या, टाच, सगळं. मामांकडे चार वर्षं शिकलेलं सगळं इंग्रजी मी त्या चिखलावर खर्च केलं. निवटीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून निवटीच म्हटलं.

नानांना इंग्रजी येत नव्हतं. "काय बोलली?" त्यांनी विचारलं.

"चिखलातून आल्याचं सांगतायत," हेडमास्तर म्हणाले.

"ते तर दिसतंय." नाना माझ्याकडे वळले. "आज भरती कवा व्हती?"

"सव्वासातला."

"आनि तू कवा आली धक्क्याला?"

"सात वाजून पाच मिनिटांनी."

"मंग चिकलात कशाला उतरली?"

मला वाटलं, आता वही काढावी आणि नियम दाखवावा. हात पिशवीकडे गेलाही. पण मी तो परत घेतला. "वेळ मोजली होती," मी म्हटलं. "पाणी मोजलं नव्हतं. भांग आहे हे मला माहीत नव्हतं. हिराबाई सांगत होती, मी ऐकून घेतलं नाही."

नाना हसले नाहीत. खाली बघून तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी यायला लागंल. सोमवारी कसं यायचं?"

म्हणजे ही खरी परीक्षा होती. हेडमास्तरांनाही ते कळलं, त्यांनी पेन खाली ठेवलं. मी बोटांवर मोजलं. शुक्रवार दशमी, शनिवार एकादशी, रविवार बारस. "सोमवारी तेरस. भरती सव्वादहाला. पुनव दोन दिवसांवर, म्हणजे उधाण जवळ. पाणी धक्क्याला लागेल." आणि मग, कारण अर्धं उत्तर देण्याचा त्या सकाळी मला कंटाळा आला होता, पुढे म्हटलं, "पण लागलं नाही तरी येईन. आता वाट माहीत आहे."

"हिराबाय काय म्हनली तुला चिकलात?" नानांनी विचारलं.

"उभी राहायची नाही."

"हां," नाना म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली. "मास्तर, लिवा."

परत येताना पुन्हा तोच चिखल होता, उलट बाजूने. तळवा दुखत होता. धक्क्यावर कुणी नव्हतं, ओरडायलाही नाही, आणि नव्हतं तेच बरं झालं. एकदाही न थांबता मी पायरीपर्यंत आले, पायरीवर बसून तळव्याला फडकं बांधलं आणि डबा उघडला. सुक्या जवळ्याची ती भाकरी मी आयुष्यात पुन्हा खूप वेळा करून पाहिली. तशी कधी लागली नाही.

गाडी पनवेलला आली तेव्हा सूर्य गिरणीच्या धुराड्यामागे होता. स्टँडवर, केळीवाल्याच्या गाडीशी, अण्णा उभे होते. ते कधी केळी घेत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोचलेली साडी पाहिली, चिखलाने पांढरे पडलेले पाय पाहिले, आणि फडकं बांधलेला तळवा. मग आकाशाकडे पाहिलं. दिवे लागायचे होते.

"भरती चुकली?" त्यांनी विचारलं.

"नाही. वेळ बरोबर होती. पाणी कमी होतं."

घरी आईने ऊन पाण्याचं घंगाळ आणलं, हळद दाबली, रडलीही थोडी, साडीच्या काठासाठी रडतेय असं म्हणत. अण्णांनी माझ्या पिशवीतून वही काढली, दिव्याखाली घेतली, पट्टी मागितली. महिन्याच्या भरत्यांच्या पानावर, वेळेच्या रकान्याला लागून, त्यांनी आणखी एक रकाना आखला आणि वर त्यांच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पाणी'. वही माझ्यापुढे ठेवली. "हा हिराबाईला विचारून भर," ते म्हणाले. "आणि ती पूर्ण बोलेस्तोवर वही उघडी ठेव."

मी त्या शाळेत अकरा वर्षं शिकवलं. लग्नही त्याच काळात झालं, तुमच्या आजोबांशी, जे आठवडाभर खाडीपलीकडे राहणाऱ्या बायकोच्या शोधात नव्हते, पण त्यांनी तक्रारही कधी केली नाही. तो रकाना हिराबाईने भरला, मी लिहिला. शनिवारी पाणी धक्क्याला लागेल, पुढच्या शनिवारी नाही. तिचं एकदाही चुकलं नाही. ती गेली तेव्हा मी तिच्या गावी गेले होते, पुलावरून, मोटारीने, आणि खाली पाणी किती आहे हे बघायची आठवणच झाली नाही याची मला घरी आल्यावर लाज वाटली.

आता तो धक्का नाही. मिठागरं भरून काढली, तिवरं तोडली, खाडीचा तो फाटा वळवला, आणि जिथे मी घड्याळ बघायला थांबले होते तिथे कुठेतरी आता विमानतळाची धावपट्टी आहे. तुमचं विमान तिथे उतरणार आहे. मी याबद्दल रडगाणं गाणार नाही. तुम्ही यावं यासाठी कुठेतरी उतरायला हवंच. पण निशांत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. नियम शिकून या, तुमच्या फोनमध्ये भरतीच्या वेळा मिनिटासकट मिळतील, त्या पाहून उरणला जा. मग तिथे किनाऱ्यावर जाळं विणत किंवा मासे निवडत बसलेलं जे कुणी दिसेल त्याला विचारा, आज पाणी कसं आहे. तो सांगत असताना फोन खिशात ठेवा. वाक्य त्याला संपवू द्या.

तुमच्या येण्याची तारीख मी पंचांगात पाहिली. नवमी आहे. वही मी काढून ठेवली आहे, जुनीच, पाने पिवळी पडलीत पण रकाने सरळ आहेत. त्या दिवसापुढे मी वेळ लिहिली आहे. पाण्याचा रकाना कोरा ठेवला आहे. विमान उतरताना खिडकीतून खाली बघा, जे काही उरलंय ते, आणि घरी आल्यावर सामान ठेवायच्या आधी मला सांगा.